‘फक्त विश्वास ठेव’ एवढ्याने आता भागत नाही

बायबलमध्ये लिहिलंय ते खरंच तसं घडलं का? मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हा प्रश्न विचारला की दोनच उत्तरं मिळतात. एक, ‘शंका सैतानाकडून येते, फक्त विश्वास ठेव.’ दुसरं, ‘पुरातत्त्वशास्त्राने सगळं सिद्ध केलंय.’ पहिल्याने तोंड बंद होतं. पण मला जास्त त्रास दुसऱ्याचा होतो, कारण ते खरं नाही.

काही गोष्टींना आधार मिळालाय, आणि तो भक्कम आहे. १९६१ मध्ये कैसरियात सापडलेल्या दगडावर येशूला मृत्युदंड देणारा रोमी सुभेदार पिलात याचं नाव हुद्द्यासकट कोरलेलं आहे. सन्हेरीबाची ख्रिस्तपूर्व ७०१ ची स्वारी तर दोन्ही बाजूंनी वाचता येते. हा अश्शूरी राजा आपल्या लेखात सांगतो, मी यहूदा राज्याची तटबंदीची ४६ नगरं घेतली, तिथला राजा हिज्कीया याला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं आणि ३० किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं, ८०० किक्कार चांदी वसूल केली. आता बायबलमधलं २ राजे, अध्याय १८ काढा. सोनं तेवढंच, ३० किक्कार. चांदी ३००. यरुशलेम घेतलं असं सन्हेरीब कुठेही म्हणत नाही, आणि बायबलही तेच सांगतं. मात्र देवदूताने एका रात्रीत मारलेल्या १,८५,००० सैनिकांचा त्याच्या लेखात मागमूस नाही. (आपली नामुष्की कुठला राजा कोरून ठेवेल, हेही आहेच.) हे अध्याय वाचताना मला खात्रीने वाटतं की इथे खऱ्या घटनेची आठवण आहे.

पण यरीहोचं काय? यहोशवाच्या पुस्तकात इस्राएली लोकांसमोर या नगराचा तट कोसळतो. १९५० च्या दशकात तिथे उत्खनन करणाऱ्या कॅथलीन केनियन यांचा निष्कर्ष असा की ते नगर ख्रिस्तपूर्व १५५० च्या सुमारासच उद्ध्वस्त झालं होतं. यहोशवाचा काळ साधारण तेराव्या शतकात धरतात, तेव्हा तिथे पाडायला तट उरलेलाच नव्हता. निर्गमाच्या पुस्तकात मिसरातून निघालेले सहा लाख पुरुष, शिवाय बायकामुलं. सीनायमध्ये एवढ्या जमावाच्या मुक्कामाची खूण सापडलेली नाही.

जुन्या कराराचं एक वेळ मी सोसलं असतं. माझा पाय अडकला तो नव्या करारातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात, नाताळला दरवर्षी वाचतो त्याच ओळींत. क्विरीनिय सूरियाचा रोमी सुभेदार असताना नावनिशी (शिरगणती) झाली, म्हणून योसेफ बेथलेहेमला गेला. मत्तयचं शुभवर्तमान म्हणतं, येशूचा जन्म हेरोद राजाच्या दिवसांत झाला. बहुतेक अभ्यासकांच्या मते हेरोद ख्रिस्तपूर्व ४ मध्ये वारला. क्विरीनियची नावनिशी मात्र योसेफस या यहुदी इतिहासकाराच्या हिशेबाने इ. स. ६ मधली, यहूदिया थेट रोमी अंमलाखाली आल्यावरची. मधे जवळजवळ दहा वर्षं. शिवाय योसेफ राहायचा गालीलात, आणि गालील तेव्हा हेरोदाच्या मुलाच्या ताब्यात होतं, मग यहूदियातली नावनिशी त्याला कशी लागू? क्विरीनिय त्याआधीही एकदा सुभेदार होता असं काही जण सांगतात. तसा पुरावा नाही.

तारखेच्या चुकीने काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. माझं बिघडतं. भविष्यवाणीप्रमाणे मशीहा (तारणारा) बेथलेहेमचाच हवा म्हणून ही नावनिशी कथेत आली असेल, तर पुढच्या पानांवर आणखी काय काय ‘हवं म्हणून’ आलं असेल? येशूच्या कबरेकडे कोण कोण गेलं, तिथे त्यांना कोण दिसलं, हे चारही शुभवर्तमानं वेगवेगळं सांगतात. मार्कच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांपैकी दोन तर १६:८ ला (अध्याय १६, ओळ ८) थांबतात: स्त्रिया भ्याल्या, पळाल्या, कोणाला काही बोलल्या नाहीत. पुनरुत्थित प्रभूचं दर्शन त्यानंतरच्या ओळींत आहे. बायबलच्या अनेक आवृत्त्यांत तशी तळटीपही असते. व्यासपीठावरून ती तळटीप मी कधी ऐकलेली नाही.

येशू होऊन गेला, पिलाताच्या काळात त्याला वधस्तंभावर मारलं, याबद्दल मला शंका नाही. टॅसिटससारखा ख्रिस्ती लोकांचा तिटकारा करणारा रोमी इतिहासकारही पिलाताने त्याला देहदंड दिल्याचं लिहितो. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला याबद्दल मात्र कुठलाही शिलालेख मला मदत करणार नाही, हे कळतं. तिथे विश्वासच लागतो, आणि माझा सध्या डळमळलाय. म्हणूनच पाळकांना माझी कळकळीची विनंती आहे की तरुणांना हे सगळं तुम्हीच सांगा. त्यांनी ते मोबाईलवर एकट्याने वाचलं, तर ते नुसती शंका घेणार नाहीत, तुम्ही लपवलंत असं समजतील.

लूकच्या नावनिशीचा पटण्यासारखा उलगडा कोणाकडे असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. ‘प्रार्थना कर’ एवढंच लिहू नका. ती मी रोज करतेय.