एसव्हीसीहोस्टला मारू नका, तो घरचाच आहे

रविवारी सकाळी सांगलीहून मामांचा फोन. "अरे, कॉम्प्युटर निळा पडला बघ, बंदच झाला." खोदून खोदून विचारल्यावर कळलं की फॅमिली ग्रुपवर आलेला ‘लपलेला ट्रोजन २ मिनिटांत पकडा’ हा मेसेज त्यांनी ओळ न ओळ पाळला होता. (ट्रोजन म्हणजे कामाच्या प्रोग्रॅमचं सोंग घेऊन कॉम्प्युटरमध्ये शिरणारा चोर.) त्याच आठवड्यात तो मला आणखी तिघांनी पाठवला. म्हणून एकदाच लिहून टाकतो, दरवेळी फोनवर घसा कोरडा करण्यात अर्थ नाही.

मेसेजचा पहिला शोध: "टास्क मॅनेजरमध्ये एसव्हीसीहोस्ट.ईएक्सई एकापेक्षा जास्त वेळा दिसलं तर ट्रोजन शिरलाय. एक ठेवा, बाकीचे एन्ड टास्क करा."

अहो, टास्क मॅनेजर म्हणजे आत्ता काय काय चालू आहे त्याची यादी, आणि हे लिहिताना माझ्या लॅपटॉपवर तिच्यात सत्तरच्या वर एसव्हीसीहोस्ट आहेत! वाय-फाय, आवाज, फायरवॉल, अपडेट या विंडोजच्या सेवा डीएलएल फायलींमध्ये असतात. त्या आपल्या आपण चालत नाहीत, त्यांना यजमान लागतो, आणि तो यजमान म्हणजे एसव्हीसीहोस्ट. पूर्वी एकाच यजमानाकडे सेवांची अख्खी पंगत बसायची. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कागदपत्रांत लिहिलंय की विंडोज १० च्या २०१७ मधल्या क्रिएटर्स अपडेटपासून, रॅम ३.५ जीबीपेक्षा जास्त असेल तर बहुतेक सेवांना वेगवेगळा यजमान मिळतो. एक सेवा कोसळली तर शेजारची आडवी होऊ नये, म्हणून. मामांकडे ८ जीबी आहे, म्हणजे गर्दी दिसणारच. त्यातले काही यजमान असे असतात की ते बंद केले की विंडोज उभंच राहू शकत नाही. विंडोजने तसं विचारलंही होतं. मामांनी ‘हो, बंद कर’ म्हटलं.

हा खेळ नवा नाही. २००२ मध्ये टेडी बेअरचं चित्र असलेली जेडीबीजीएमजीआर.ईएक्सई ही विंडोजचीच फाईल ‘व्हायरस’ म्हणून लोकांनी स्वतःच्या हातांनी उडवली होती. तेव्हा ई-मेल होता, आता व्हॉट्सॲप.

बरं, यात पाव हिस्सा खरं आहे, तेवढं मान्य करतो. ट्रोजन हे नाव खरोखरच चोरतात. कधी ‘व्ही’ आणि ‘सी’ची अदलाबदल करून एससीव्हीहोस्ट, तर कधी नाव हुबेहूब पण फोल्डर भलताच. म्हणून मोजत बसू नका, पत्ता बघा. राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’. विंडोजचं सिस्टम३२ किंवा सिसवाव६४ हे फोल्डर उघडलं तर घरचा माणूस. डाउनलोड्स किंवा ॲपडेटा उघडलं तर मात्र मला फोन करा, रात्री बारालाही चालेल.

आता ज्याच्यामुळे खरं डोकं फिरलं तो मुद्दा. "दोन अँटीव्हायरस एकमेकांशी भांडतात, म्हणून आधी डिफेंडर बंद करा, मग खालच्या लिंकवरून ट्रोजन क्लीनर फुल व्हर्जन घ्या." भांडतात हे खरं. पण धड अँटीव्हायरस बसवला की डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, आपणहून बाजूला होतो, त्याला हाताने बंद करावं लागत नाही. हाताने बंद करायला सांगतो तो एकच जण: ज्याची फाईल डिफेंडर पकडणार असते तो. चोराने वॉचमनला सुट्टी द्यायला सांगितली आणि आपण दिली! मामांनी ती झिप फाईल उतरवली, मेसेजमधलाच पासवर्ड टाकून उघडली. झिपला पासवर्ड का, तर कुलूपबंद झिपच्या आत स्कॅनरला डोकावता येत नाही.

मेसेजमधलं उरलंसुरलं: "ट्रोजन असला की कॉम्प्युटर स्लो होतो." उलट गुपचूप बसणाऱ्याला तुम्हाला त्रास द्यायचाच नसतो. "ऑन-स्क्रीन कीबोर्ड वापरा, पासवर्ड सुरक्षित." झ्यूस नावाचा बँकिंग ट्रोजन २००७ पासून ब्राउझरमध्येच बसून भरलेला फॉर्म उचलायचा, तुम्ही बटणं कुठून दाबली याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. "रोज टेम्प फोल्डर रिकामं करा." करा बापडे, जागा मोकळी होईल.

मामा, आता एवढंच करा. डिफेंडर पुन्हा चालू करा. मग विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये जाऊन ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू होईल, घाबरू नका. विंडोज पूर्ण उठायच्या आतच तपासणी होते, त्यामुळे लपणाऱ्याला लपायला वेळ मिळत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात, तेवढ्यात चहा घ्या. त्यात काही सापडलं नाही तरी फोटो बाहेर काढून विंडोज नव्याने टाकू, पुढच्या शनिवारी मी येतोच आहे. तोवर नेटबँकिंगचा पासवर्ड बदला, पण त्या कॉम्प्युटरवरून नाही, मामींच्या फोनवरून. आणि झालं की ग्रुपवर फक्त ‘झालं’ लिहा. गेल्या वेळसारखा नवा पासवर्ड लिहू नका.