बुधवारी माझे हात रिकामे नसतात

दिवाळी अंकाची कथा ऐन पावसाळ्यात लिहावी लागते, हे वाचकांच्या गावीही नसतं. चकली मोडता मोडता ते जी कथा वाचतात, ती लेखकाने खिडकीतून आत येणारं पाणी जुन्या चादरीने टिपत लिहिलेली असते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाचे जून-जुलै कायमचे नासले.

यंदाही जून लागताच संपादकांचा मेसेज आला. 'विनोदी कथा. जुलैअखेर. गेल्या वर्षीसारखं नको.' मी 'नक्की सर' असं लिहिलं. जुलै येईपर्यंत माझं तेवढंच लेखन झालं होतं.

विमा कंपनीत दिवसभर लोकांचे दावे तपासायचे आणि डोंबिवली लोकलमध्ये उभ्याने घरी यायचं, यात विनोद सुचायला वाव कमी. एका मित्राने निदान केलं. "रविवारी लिहू म्हणणारे रविवारी भाजी आणायला जातात. आठवड्याच्या मध्यावरची एक संध्याकाळ राखून ठेव. नेम म्हणजे नेम. मग बघ, उत्साह कसा परत येतो." हा मित्र स्वतः काहीच लिहीत नाही, त्यामुळे त्याचं मार्गदर्शन नेहमी स्वच्छ असतं.

आता वार कुठला? सोमवारी अंगात रविवार असतो. मंगळवारी सोसायटीच्या कमिटीची मीटिंग. तिच्यात गच्चीची गळती हा विषय कायम, आणि गळतीही कायम. गुरुवारी शेजारच्या काकांकडे दत्ताची आरती, आणि टाळ माझ्याकडे. शुक्रवारपासून पाहुणे. राहिला बुधवार. मी जाहीर केलं की दर बुधवारी साडेसात ते साडेनऊ मी लिहिणार. आई म्हणाली, "जाशील बुधी, येशील कधी!" ही म्हण प्रवासाला निघणाऱ्यासाठी आहे, असं मी तिला सांगितलं. मी तर हॉलमधल्या टेबलापर्यंतच जाणार होतो. ते टेबल इस्त्रीच्या कपड्यांखाली नेमकं कुठे आहे, हे शोधण्यात पहिला बुधवार गेला.

शिवाय आमचं घर मूळ मालवणचं. सोमवार शंकराने, मंगळवार गणपतीने, गुरुवार दत्ताने आणि शनिवार मारुतीने घेतल्यावर आठवड्याच्या मध्यावर माशांना एकच वार उरतो. मला वाटलं, सुटलो; १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ताजी मासळी दुर्मीळ. सरकारने ही बंदी माशांच्या पैदाशीसाठी घातली आहे, पण त्यात मराठी कथेचीही पैदास होऊन जाईल अशी माझी आशा होती. आईने त्याच संध्याकाळी माळ्यावरचा सुक्या बोंबलांचा डबा काढला. ज्यांनी गॅसवर सुके बोंबील भाजलेल्या घरात प्रेमप्रसंग लिहिण्याचा प्रयत्न केला आहे, त्यांनाच माझी अवस्था कळेल. नायकाने नायिकेचा हात हातात घेतला आणि मला तिथे कांदा, लिंबू आणि गरम भात दिसू लागला.

मित्राला फोन केला. तो म्हणाला, "पोमोडोरो कर." फ्रान्सेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने १९८०च्या दशकात, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास सुरू केला. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. हे मी घरात समजावून सांगितलं. आईने त्यातला टोमॅटो तेवढा ऐकला. "माशात टोमॅटो कोण घालता? आमसुलं घाल." बायकोने मात्र कल्पना उचलून धरली. "अहो, घड्याळ कशाला? कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा आणि विश्रांती घ्या. मी खाली जाऊन येते." त्या दिवशी मला पहिल्यांदाच दोन सलग वाक्यं सुचली. डाळ मात्र पुढे दोन दिवस खळ म्हणून वापरता आली असती.

ॲन्थनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करून रोज पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा, समोर घड्याळ ठेवून पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द या दराने. असल्या लोकांची चरित्रं माणसाने भरल्या पोटी वाचावीत. खोलात गेल्यावर कळलं की त्याला उठवायला घोडे सांभाळणारा एक म्हातारा मोतद्दार होता आणि या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड वेगळे मिळत. म्हणजे शिस्त ट्रोलपची नव्हतीच, मोतद्दाराची होती.

जुलै संपला. संपादकांनी विचारलं, मी 'शेवटचा हात फिरवतोय' असं कळवलं. पहिला अजून फिरायचा होता. (संपादकांची खरी तारीख सांगितलेल्या तारखेच्या बरीच पुढे असते, हे मराठी साहित्यातलं उघड गुपित आहे. तेही ते पाळतात, आपणही पाळावं.)

मग श्रावण लागला आणि माझी खरी कोंडी झाली. मासे बंद, सुकट बंद. बुधवारची संध्याकाळ समोर मोकळी पडलेली, आणि तिला बोट दाखवायला जागा नाही. त्यात आईने बुध-बृहस्पतीची कहाणी वाचायला घेतली. राजाच्या घरी रोज मामा-भाचे भिक्षेला येतात आणि सुना म्हणतात, "आमचे हात रिकामे नाहीत." पुढे राजाला दारिद्र्य येतं आणि सगळ्यांचेच हात रिकामे होतात. आई हे मोठ्याने वाचत होती, पण वाचताना तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. एरवी ती इतकी सभ्य नसते.

दरम्यान एक वेगळाच प्रकार घडला होता. माझा नेम माझ्याखेरीज सगळ्यांना लागला होता. फोन आला की बायको म्हणे, "आज बुधवार ना, ते लिहितात." मुलगा हेडफोन लावून मॅच बघे. कमिटीच्या सेक्रेटरींनी गळतीचा कागद सहीसाठी गुरुवारपर्यंत थांबवून ठेवला. वॉचमनसुद्धा गेट उघडताना म्हणाला, "आज लिहायचं ना साहेब?" इतक्या लोकांनी मिळून राखलेल्या संध्याकाळी टेबलाशी बसून मोबाइल बघायला जी छाती लागते, ती माझ्यात नाही. मी लिहिलं, ते निव्वळ लाजेपोटी. उत्साहाचा तिथे पत्ता नव्हता.

तो आला गुरुवारी. काकांकडे आरती चालू होती, माझे टाळ नेहमीप्रमाणे वाजत होते, आणि 'दत्त दत्त ऐसें लागलें ध्यान' या ओळीला मला माझ्या कथेतल्या मासेवालीचं उत्तर सुचलं. ग्राहकाला अस्सं उत्तर! हसू आवरेना. ते तसंच धरून ठेवण्याच्या नादात टाळ भलतीकडे गेले. प्रसाद वाटून झाल्यावर काकांनी ते शांतपणे काढून घेतले आणि म्हणाले, "तू आता कापूर सांभाळ."

उरलेली कथा मी दोन बुधवारांत उरकली. दुसऱ्या बुधवारी जेवायला मला तीनदा हाका माराव्या लागल्या. आई खूश होती, पण भाकरी गार झाल्याचं तिने ऐकवलंच.

संपादकांचं उत्तर आठवड्याने आलं. 'कथा झकास. घेतली. एक शंका. पान तीन, पान पाच आणि पान आठ, तिन्ही ठिकाणी नायिका बोंबील का भाजतेय?'