कायदा नव्हे, पत्र

निवृत्त फौजींच्या पेन्शनबद्दल सध्या हा फॉरवर्ड फिरतोय: "वन रँक वन पेन्शनचा कायदा झाला. आता जुना हवालदार आणि आज निवृत्त झालेला हवालदार, दोघांना सारखीच पेन्शन. वाढही आपोआप. शिवाय मेडिकल बोर्डात ओळख असली की अपंगत्वाची पेन्शन सहज मिळते."

संसदेने असा कायदा केलेलाच नाही. आहे ते संरक्षण मंत्रालयाचं 7 नोव्हेंबर 2015 चं पत्र, 1 जुलै 2014 पासून लागू. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ते वैध ठरवलं, पण धोरण म्हणूनच.

'सारखी' पेन्शन? 2013 साली निवृत्त झालेल्यांच्या किमान आणि कमाल पेन्शनची सरासरी काढली, तीही हुद्दा आणि सेवेची वर्षं दोन्ही जुळवून. त्यामुळे 17 वर्षं सेवा केलेला हवालदार आणि 24 वर्षं सेवा केलेला हवालदार यांची पेन्शन एक नाही. सरासरीपेक्षा जास्त मिळत होतं त्यांचं कमी केलं नाही, एवढंच.

पेन्शन आपोआप वाढत नाही; वेळोवेळी वाढते ती महागाई सवलत. पेन्शनची फेरनिश्चिती पाच वर्षांनी. पहिली 1 जुलै 2019 ला व्हायला हवी होती. 16 मार्च 2022 ला न्यायालयाला सांगावं लागलं आणि मंत्रिमंडळाची मंजुरी आली डिसेंबरात. थकबाकी नंतर, हप्त्याहप्त्याने.

ओळखीचा मुद्दा मात्र चीड आणणारा आहे. आमच्या मामांच्या मेडिकल बोर्डाच्या कागदावर आजाराचं नाव, अपंगत्वाची टक्केवारी 30 आणि पुढच्या रकान्यात 'एनएएनए': आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेने बळावलेलाही नाही. फौजी त्याला सरळ 'नाना' म्हणतात. (घरातल्या नानांना याचा राग येतो, तो वेगळा.) हा शेरा पडला की टक्के कितीही असोत, अपंगत्वाची पेन्शन नाही.

2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्कराच्या सिग्नल कोरच्या, म्हणजे संदेशवहन विभागाच्या, एका शिपायाच्या प्रकरणात ही बाजू उलटवली. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट आला असं धरायचं. नंतरचा आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करायचं सरकारने. त्या शिपायाला फेफरं येत होतं, अपंगत्व 20 टक्के.

मामांची बोर्डात कोणाशीच ओळख नव्हती. ट्रंकेत भरतीच्या वैद्यकीय तपासणीची पिवळी पडलेली झेरॉक्स होती, आजाराचा रकाना कोरा. सशस्त्र दलांच्या न्यायाधिकरणात तीच कामी आली.