‘खदान वाढू द्या, गाव वाढेल’ या मेसेजला उत्तर

आमच्या भागातल्या गावोगावच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ज्यांनी खदान कधी जवळून पाहिलीही नाही, असे पुण्यात नोकरीला असलेले नातेवाईकही तो पुढे पाठवतायत. मजकूर थोडक्यात असा: ‘खदान वाढू द्या, गाव वाढेल. खडीशिवाय रस्ता नाही, घरकुल नाही. क्रशरवाल्याकडे सगळ्या परवानग्या आहेत. काळ्या दगडाच्या धुळीने कुणाला काही होत नाही. घरांना तडे जातात ते कच्च्या बांधकामामुळे. उलट खदानीत पाणी साठतं, विहिरींना फायदाच होतो. गाड्या आल्या की रस्ता होतो, पोरांना काम मिळतं. विरोध करणाऱ्यांना हप्ता हवाय.’

विषय आहे शिवेला लागून असलेली एक खदान. तिचा पट्टा, म्हणजे खाणकामासाठी मंजूर झालेली जागा, वाढवायचा, खोली वाढवायची आणि दगड फोडून खडी करणारा दुसरा क्रशर बसवायचा, असा प्रस्ताव आहे. चालू खदान बंद करा, असं गावाने म्हटलेलं नाही. हरकत वाढवण्याला आहे, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच गाळलेलं आहे.

‘खडीशिवाय रस्ता नाही, घरकुल नाही.’

हे खरंच आहे. समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून गेला, तो दगड-मुरूम-खडीवरच उभा आहे. पण कोळसा जिथे सापडतो तिथेच खणावा लागतो, बेसॉल्टचं, म्हणजे आपल्या काळ्या दगडाचं, तसं नाही. नांदेडच्या पूर्वेचा देगलूर-बिलोलीकडचा ग्रॅनाइटचा पट्टा सोडला तर जवळजवळ अख्खा मराठवाडा लाव्हाच्या काळ्या थरांवर बसलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा दगड माळामाळावर आहे. त्यामुळे खडी हवी की नको, हा प्रश्नच नाही. ती कुठून काढायची आणि कोणत्या रस्त्याने न्यायची, एवढं तर निवडता येतं ना? वस्ती, शाळा आणि विहिरींच्या मधोमध असलेली जागाच वाढवायची, हे कुणीतरी ठरवलेलं आहे. ठरवलेलं असेल तर त्याचं कारण विचारता येतं.

‘सगळ्या परवानग्या आहेत.’

कोणत्या, हे विचारा. खदानीचा पट्टा वेगळा, पर्यावरण मंजुरी वेगळी, क्रशरसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती वेगळी. 2012 मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 5 हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल. आणि जुनी मंजुरी आहे म्हणून वाढीव उत्पादन तिच्यात बसत नाही. केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे विस्तारालाही मंजुरी लागते. मंजुरी मिळाली तरी ती अटींसह असते, आणि त्या अटी पाळल्याचा अहवाल दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो. हा अहवाल ग्रामपंचायतीने मागून घ्यावा आणि खदानीवर जाऊन एकेक अट ताडून बघावी.

अजून एक. याच अधिसूचनेच्या 2016 च्या दुरुस्तीत एकमेकांपासून 500 मीटरच्या आतल्या खदानींचा समूह म्हणून, क्षेत्र एकत्र धरून, विचार करण्याची तरतूद आली. शेजारी शेजारी वेगवेगळ्या नावांचे, प्रत्येकी 5 हेक्टरला जरासे कमी असे पट्टे दिसले, तर नकाशा मागवा आणि अंतर मोजा.

किनवटसारख्या अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रात 1996 च्या पेसा कायद्याने गौण खनिजाच्या (दगड, मुरूम, वाळू) पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. बाकीच्या मराठवाड्यातल्या ग्रामसभेच्या हातात ते बळ नाही. म्हणूनच ‘आमचा विरोध आहे’ एवढ्या एका ओळीच्या ठरावाने भागत नाही.

‘काळ्या दगडाच्या धुळीने काही होत नाही.’

यात अर्धं सत्य आहे. बेसॉल्टमध्ये मोकळी सिलिका कमी असते. वालुकाश्म किंवा क्वार्ट्झच्या खाणीत सिलिकोसिसचा, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा, धोका जेवढा असतो, तेवढा इथे नसतो. पण फुप्फुसात शिरणारी बारीक धूळ कुठल्याही दगडाची असली तरी दमेकऱ्याला, म्हाताऱ्याला आणि लेकराला त्रास देतेच. म्हणून तर पीएम 10 साठी, म्हणजे अशा बारीक धूलिकणांसाठी, देशात 24 तासांची मर्यादा 100 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ठेवलेली आहे, आणि ती दगडाचा रंग बघून बदलत नाही. क्रशरसाठी तर लेखी यादीच आहे: यंत्रावर आच्छादन, पाण्याचे फवारे, वारा अडवणाऱ्या भिंती, आवारातले पक्के रस्ते, कडेने झाडं. फवारे तपासणीच्या दिवशी चालू आणि एरवी बंद असतील, तर ती धूळ कुणाच्या घरात जाते?

पिकांचंही बघा. जालन्याच्या पट्ट्यात मोसंबीचा अंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो. नेमक्या त्याच कोरड्या दिवसांत फुफाटा सगळ्यात जास्त असतो, आणि पानं धुऊन काढायला पाऊस नसतो. धुळीने माखलेल्या झाडावर कोळी ही कीड वाढते, हे बागायतदाराला सांगावं लागत नाही. रस्त्याकडेच्या ओळी आणि आतल्या ओळी यांतला फरक तो बांधावर उभा राहून दाखवतो. वेचणीला आलेल्या कापसावर धूळ बसली की व्यापारी भाव पाडतो. हे नुकसान कुठल्याच अहवालात येत नाही, कारण अहवाल खदानीच्या हद्दीपुरता लिहिलेला असतो.

‘तडे कच्च्या बांधकामामुळे जातात.’

लातूर-धाराशिवच्या माणसासमोर हे वाक्य बोलून बघावं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली, ती बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. तेव्हापासून मराठवाड्यात भिंत हादरली की माणूस आधी लेकराला बाहेर नेतो. जुन्या गावठाणात अशी घरं अजून आहेत, हे ब्लास्टिंग करणाऱ्यालाही माहीत असतं. नियमही तेच गृहीत धरतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकात साध्या घरांसाठी कंपनाची मर्यादा वारंवारितेनुसार सेकंदाला 5, 10 आणि 15 मिलिमीटर अशी दिलेली आहे. त्यात कच्ची घरंही येतात. घर कच्चं आहे म्हणून जास्त हादरवायची मुभा कुणालाही नाही.

मात्र आपणही खरं बोलूया. प्रत्येक तडा सुरुंगाचा नसतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरच्या भिंती तडकतात. म्हणून भांडण करून उपयोग नाही, मोजणी करायला हवी. विस्ताराआधी प्रत्येक घराचा फोटोसह पंचनामा व्हावा. ब्लास्टिंगच्या वेळी कंपनमापक खदानीच्या ऑफिसात नको, गावातल्या शेवटच्या घरापाशी ठेवावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ब्लास्टिंग असेल तर वस्तीपासून किमान 200 मीटर अंतर सुचवलेलं आहे. ते मोजताना गावठाणाची हद्द धरतात आणि शेतातल्या आखाड्यांवर राहणारी कुटुंबं विसरतात. आमच्याकडे निम्मं गाव वावरात राहतं.

‘खदानीत पाणी साठतं, विहिरींना फायदा होतो.’

या एका वाक्याने सगळ्यात जास्त माणसं फसतात, कारण पाण्याने भरलेली खदान डोळ्यांना दिसते. आपल्या खडकात पाणी कुठे असतं? वरच्या मुरमात, दगडाच्या सांध्यांत, भेगांत आणि लाव्हाच्या थराच्या सच्छिद्र माथ्यात. खालचा घट्ट काळा पाषाण जवळपास कोरडा. आपल्या विहिरी या वरच्या थरावर जगतात. क्रशरला मात्र तो खालचाच घट्ट दगड हवा असतो. म्हणजे आधी पाणी धरणारा मुरूम उपसून काढायचा आणि मग आणखी खाली जायचं. खदानीचा तळ शेजारच्या विहिरीच्या तळाखाली गेला की भेगांतलं पाणी उताराने खदानीकडे येतं. तिथे मोटार बसते, कारण पाण्यात सुरुंगाचे होल मारता येत नाहीत. मोटारीतून बाहेर फेकलं जाणारं ते पाणी आसपासच्या विहिरींचंच असतं.

आणि जे साठलेलं दिसतं, ते उन्हात उघडं असतं. मराठवाड्याचा वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. उघड्या पाण्यावरून वर्षाला याहून कितीतरी जास्त उडून जातं. जमिनीत मुरून राहिलं असतं तर तेच पाणी एप्रिलपर्यंत विहिरीत आलं असतं. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ज्या प्रदेशाने ते पाहिलं, तिथे मुरमाचा थर दगडापेक्षा मोलाचा आहे.

इथेही विहीर आटण्याला दुष्काळ आणि खोल बोअर हीसुद्धा कारणं असतात. ती वेगळी काढता येतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. तशीच मोजणी खदानीभोवतीच्या विहिरींत विस्ताराच्या आधीपासून सुरू करा, आणि खदानीची जास्तीत जास्त खोली परवानगीत आकड्यात लिहा. भूजल पातळीच्या खाली जाऊन उपसा करायचा असेल तर केंद्रीय भूजल प्राधिकरणाची ना-हरकत लागते. ती आहे का, हे विचारा.

दगड संपल्यावर कुंपणाविना सोडलेल्या खड्ड्यात पोहायला गेलेली पोरं बुडतात. 2020 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम झालेली जमीन चारा उगवेल अशा स्थितीत आणण्याची अट घालायला सांगितलं. असं पूर्ववत केलेलं एकही माळरान मी आमच्या भागात पाहिलेलं नाही.

‘गाड्या आल्या की रस्ता होतो.’

माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न हा आहे, कारण तो खदानीपासून मैलभर दूर असलेल्या घरापर्यंतही पोहोचतो. हिशोब करूया. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे साधारण साडेचार टन खडी. दहा चाकी गाडीचं एकूण कायदेशीर वजन साडेअठ्ठावीस टन. गाडीचं स्वतःचं वजन साडेदहा टन धरा, तर नियमात चार ब्रास बसतात. विस्तारानंतर दिवसाला 200 ब्रास माल निघाला असं धरलं, तर 50 खेपा भरलेल्या आणि 50 रिकाम्या. दहा तासांत 100 गाड्या, म्हणजे दर सहा मिनिटांना एक.

आता रस्ता बघा. पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा डांबरी पट्टा साधारण 3.75 मीटर रुंद. ट्रकला 2.6 मीटरपर्यंत रुंदीची परवानगी. उरतो सव्वा मीटरहूनही कमी. त्यात सायकलवरची पोरगी, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई, बैलगाडी. समोरून एसटी किंवा पोरींना शाळेत नेणारी मानव विकासची निळी बस आली तर एकाला साईडपट्टीवर उतरावंच लागतं, आणि भरलेला हायवा डंपर उतरत नाही. ड्रायव्हरला दोष देऊन काही होणार नाही. त्याला खेपेवर पैसे मिळतात. जितक्या जास्त खेपा, तितकी मजुरी.

चारऐवजी सहा ब्रास भरले की तीच गाडी सदतीस-अडतीस टनांवर जाते, म्हणजे तीस टक्के जादा. रस्त्याचं नुकसान त्याच प्रमाणात वाढत नाही. 1958 ते 1960 दरम्यान अमेरिकेत इलिनॉयमध्ये झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून निघालेला नियम सांगतो की आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने नुकसान वाढतं. तीस टक्के जादा भाराची एक गाडी नियमातल्या जवळपास तीन गाड्यांइतका रस्ता खाते. म्हणून नवा डांबरी रस्ता एका पावसाळ्यात उखडतो आणि बाळंतिणीला घेऊन निघालेली रिक्षा खड्ड्यांतून जाते. गाड्यांमुळे रस्ता झाला हे एक वेळ मान्य करू, पण तो टिकला किती?

‘पोरांना काम मिळतं.’

काहींना मिळतं, आणि त्यांच्याविषयी वाकडं बोलायचं नाही. पण एकेकाळी वडार समाजाच्या हातांनी फुटणारा दगड आता पोकलेन आणि ब्रेकर फोडतात. दुसरा क्रशर आला म्हणून माणसं दुप्पट लागत नाहीत. रॉयल्टी ब्रासमागे 600 रुपये, ती राज्याच्या तिजोरीत जाते. बाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी असतो, पण त्याचा खर्च जिल्ह्याच्या ठिकाणी ठरतो. आपल्या ग्रामपंचायतीने तिथे शेवटचा प्रस्ताव कधी पाठवला, हे सरपंचांना विचारा.

‘विरोधकांना हप्ता हवाय.’

कुणी मागत असेल तर त्याच्यावर गुन्हा दाखल करा, आम्ही साक्षीला येऊ. हरकतीच्या अर्जात गावाने मागितलं आहे ते हे: दिवसाला किती खेपा, याचा आकडा परवानगीत लिहा. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी भरलेल्या गाड्या बंद ठेवा. खदानीच्या दारात वजनकाटा बसवा आणि प्रत्येक गाडीवर ताडपत्री टाका. विहिरींची मोजणी आणि घरांचा पंचनामा काम सुरू होण्याआधी करा. रस्ता आधी रुंद आणि मजबूत करा, गाड्या नंतर वाढवा. यातली एकही मागणी कुणाच्या खिशात जात नाही.

ज्यांच्या शिवारात खदान नाही पण ज्यांच्या वेशीतून या गाड्या जातात, त्या गावांनीही हरकत द्यावी. ठरावात टेपने मोजलेली रस्त्याची रुंदी लिहा, शाळेची वेळ लिहा, एका दिवसात मोजलेल्या गाड्या लिहा, आणि तहसीलमधून पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.