धूमकेतू, ड्रोन आणि तात्या

शेतात उभं राहून वर बघणं हा आमच्याकडं आता गुन्हा झालाय. २०२४ साली दसरा झाल्यावर त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू बघायला अंबाजोगाईबाहेरच्या एका बांधावर गेलो. गावातून काही दिसत नाही, चौकातल्या हायमास्टनं चांदण्या पुसून टाकल्यात. शुक्र सापडला, उजवीकडं स्वाती सापडली. दोघांच्या मधली ती शेपटी शोधायला दुर्बीण डोळ्याला लावली, तोच पाठीवर बॅटरीचा झोत.

"कोन हाय रे? डोरून सोडायलाव का?"

सोयाबीनच्या बनमीची, म्हणजे कापून रचलेल्या ढिगाची, राखण करणारे तात्या, हातात काठी. त्या वर्षी रात्रीच्या ड्रोनच्या बातम्यांनी, चोर येतील या धास्तीनं, बीड-जालन्याकडची गावंच्या गावं जागी होती, हे कबूल. पण माझ्या गळ्यात दुर्बीण होती!

"तात्या, धूमकेतू बघायलोय."

"शेपटीचा तारा? त्यो अपशकुनी. अन् तुम्ही मुद्दाम बघायलाव?"

मी समजावलं. बर्फ आणि धूळ असते, सूर्यानं तापली की शेपटी फुटते, ती कायम सूर्याच्या उलट दिशेला. तात्यांनी सगळं नीट ऐकलं.

"मंजी मोटर न्हाई ना नेत?"

१९९७ साली लाइट गेली की आम्ही माळवदावर झोपायचो. तिथून हेल-बॉप धूमकेतू दिसला आणि हे खूळ कायमचं लागलं. तो शोधणाऱ्या बॉपकडं स्वतःची दुर्बीणही नव्हती. १९९५ साली ॲरिझोनाच्या वाळवंटात मित्राच्या दुर्बिणीतून त्यानं तो पाहिला. तिथं त्याला कुणी मोटरीचं विचारलं असेल?

"तुम्ही तर रोज रात्री शेतात असता," मी चिडून म्हणालो. "कधी वर बघत न्हाई?"

"लाइट रातच्यालाच देतेत, सर. पानी द्यायला अंधारात जावं लागतंय. साप खाली असतोय, वर न्हाई."

यावर काय बोलणार? एवढं सुरेख आभाळ ज्यांच्या डोक्यावर, त्यांनीच मान खाली घालून चालायचं. रात्रीची वीज ठरवणारे मात्र दिव्याखाली झोपतात.

मी मुकाट्यानं दुर्बीण पुढं केली. तात्यांनी ती आभाळाकडं नेलीच नाही. सरळ शेजारच्या शेताकडं वळवली.

"आयला! ह्यानं तारेवर आकडा टाकलाय की!"

मग भावकीला फोन झाले. चारपाच जण आले, दुर्बीण हातोहात फिरली, बांधावर पंचनामा झाला. तेवढ्यात धूमकेतू मावळला.

काल तात्यांचा फोन आला. "सर, ह्याच्यात लांबचा बांध नीट दिसंना. याच्यापेक्षा मोठी हाय का?"