वाघ्या घेवडा विसरलात
पौष्टिक खाण्यावरच्या तुमच्या लेखात ओट्स, बदाम, प्रोटीन पावडर सगळं आलं पण आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा (राजम्यासारखं कडधान्य) कुठंच नाही, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे हो त्याला. साताऱ्यात महिन्याचं बजेट सांभाळत जेवायचं तर घेवडा रात्री भिजत घालायचा, सकाळी ते पाणी ओतून ताज्या पाण्यात कुकरला एकदम मऊ शिजवायचा (कच्चट राहिला तर पोटाला बाधतो) आणि कांदा-लसूण मसाला नि मूठभर शेंगदाण्याचं कूट घालून आमटी. १०० ग्रॅम कोरड्या घेवड्यात २० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, शेंगदाण्यात तर २५ च्या आसपास. सोबत ज्वारीची भाकरी. मेथीची पेंडी बाजार उठताना घ्या, स्वस्त पडते. आणि पोरांना बिस्किटपुड्याऐवजी शेंगदाणे-गूळ द्या, खरंच.