आगाऊ निर्देशाचा कागद द्यायचा कुठे?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला हक्क दिले, हे या कायद्यावर छापून आलेल्या लेखातील म्हणणे मान्य आहे. परंतु पुढे आजार बळावल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत, हे भानावर असतानाच लिहून ठेवण्याची कलम ५ मधील सोय, म्हणजेच आगाऊ निर्देश, तो कागद ऐन वेळी डॉक्टरांसमोर आला तरच उपयोगाची. माझ्या मावशीने असा निर्देश लिहून रुग्णालयात नेला, तेव्हा खिडकीवरच्या कारकुनाने तो उलटसुलट पाहून "हे कुठल्या रजिस्टरात चढवू?" असे विचारत परत केला. (बिचाऱ्यालाही कोणी सांगितले नसावे.) वास्तविक अशा निर्देशांची ऑनलाइन नोंदवही याच कायद्याखाली नेमलेल्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाने ठेवावी, असे कलम ७ सांगते. मंडळाचा पत्ता आणि नोंदणीची रीत प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीशेजारी मराठीत लावायला कितीसा खर्च येतो?